मोजणी बरोबर होती

१२ ऑक्टोबर

चिरंजीवांस,

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि मी पुन्हा पडलेलीही नाही. फोन सोडून कागद घेऊन बसले याचं कारण तुला ठाऊक आहे. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, ही कागदाची मोठी सोय.

जूनमध्ये तू त्या घरं विकणाऱ्या माणसाला घेऊन दारात उभा राहिलास. मी त्याला पाणी दिलं आणि जिना दाखवला. तू दुपारच्याच गाडीने परत गेलास. जाताना म्हणालास, "पुन्हा बाथरूममध्ये पडलीस तर मला कळवू नकोस." ते वाक्य मी घडी करून कपाटात ठेवलंय. आज बाहेर काढत नाही.

आजची बातमी वेगळी आहे. मी सहलीला जाऊन आले. एकटी. छोट्या गाडीतून एका दिवसात प्राचीन अवशेष आणि आसपासची खेडी दाखवतात, ती सहल. प्रवासी आठच, शिवाय एक ड्रायव्हर आणि एक गाईड. गाईड तिशीचा, बांबूसारखा उंच आणि मनाने भित्रा. प्रत्येक थांब्यावर गाडी सुटायच्या आधी दारात उभा राहून आमची डोकी मोजायचा आणि "आठ!" असं म्हणून सुस्कारा सोडायचा. मोजून माल ताब्यात घेणारा माणूस मला लगेच आवडतो. एवढी वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीची इनचार्ज होते मी, दुसरं काय आवडणार?

नाव नोंदवताना त्यांनी विचारलं, काही झालंच तर कुणाला कळवायचं? मी समोरच्या मास्तरीणबाईंचा नंबर दिला. तुझी आज्ञा मोडायची नव्हती.

तर काय काय पाहिलं ते सांगते. डोंगराच्या उतारावर दगडी पायऱ्यांचं नाट्यगृह होतं. खाली मध्यभागी उभं राहून कुजबुजलं तरी वरच्या पायरीवर ऐकू येतं, असं गाईड म्हणाला. आमच्यात एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. नवरा खाली जाऊन काहीतरी पुटपुटला आणि वर बायको लालेलाल झाली. आम्हीही वरच बसलो होतो हे त्या गड्याच्या लक्षात आलं नाही. पुढचा तासभर दोघांनी आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

पुढे दगडात कोरलेले हौद होते. मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की ही लॉन्ड्री आहे, हा भिजवायचा हौद, हा खळबळायचा. गाईड म्हणाला, "काकू, हे तेलाचे घाणे आहेत." असतील बापडे. पण लॉन्ड्री म्हणून जागा उत्तम होती.

तिथल्याच एका पायरीवर रेघा ओरखडलेल्या होत्या. चौकोन, त्यात फुली, त्यात आडवी-उभी रेघ. तीन खडे ओळीत आणायचा खेळ. हजारो वर्षांपूर्वी पहाऱ्यावरचे शिपाई कंटाळून खेळत असतील म्हणे. आपण लॉन्ड्रीच्या फरशीवर खडूने आखायचो तोच. शाळा सुटल्यावर तू यायचास, इस्त्रीच्या टेबलाखाली बसायचास आणि हरलास की खडू फेकायचास. आठवलं आणि हसू आलं, एवढंच.

मग एक गाव. मग खांब. खांब उंच होते.

घरी यायला थोडा उशीर झाला, रस्ता खराब होता. कुलूप उघडते न उघडते तोच घरचा फोन वाजला. मी दोनदा हॅलो म्हटलं, पलीकडे कुणी बोलेना. राँग नंबर असावा. ठेवून दिला.

गुडघा बरा आहे. बाथरूममध्ये मी रबरी चटई टाकली आहे, तू न सांगता.

आई


२१ ऑक्टोबर

चिरंजीवांस,

पत्र पोचल्याचं सूनबाईच्या फोनवरून कळलं. ती म्हणाली, "आई, सहल मस्त झाली ना? खांब कसे होते?" मी म्हटलं, "उंच." ती म्हणाली, "अजून?" मी म्हटलं, "जुने." तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं. तुझ्या खोकल्याला मी तू लहान असल्यापासून ओळखते. तो खोकला नव्हता, हसू गिळल्याचा आवाज होता. मी काही बोलले नाही. तूही मूग गिळून बसलास. आपल्या घराण्याचा गुणच आहे तो.

मला गावाबद्दल सांगायचंय. मागच्या पत्रात एका ओळीत उरकलं, ते मनाला लागून राहिलं. मेंढपाळांचं गाव आहे. घरं बुटकी, दगडी, अंगणं झाडून चकचकीत. सहलीवाले एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी नेतात. म्हातारी लोकर कशी पिंजतात ते दाखवते, चहा देते, आणि आपण अर्ध्या तासात पुन्हा गाडीत.

म्हातारबा फार मिस्कील माणूस आहेत. डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून नको असलेली गोष्ट कुणी बोलायला लागलं की तो कान पुढे करतात. ऊन उतरलं की मेंढ्या आपापल्या परत येतात, पुढारी मेंढी लंगडी आहे आणि तिचाच सगळ्यात जास्त रुबाब. त्यांच्या घोंगड्या वर्षातून एकदाच ओढ्यावर धुतात. पाणी इतकं थंड की हात लाल होतात आणि मग तासभर गरम राहतात. त्यांच्या उंबऱ्याच्या दगडावरही तो फुलीचा खेळ आखलेला आहे. तो दगड कुठल्यातरी जुन्या भिंतीतून उचलून आणलेला. नवरा-बायको रोज चहानंतर एक डाव खेळतात. म्हातारबा लबाडी करतात. तुम्ही मेंढ्यांकडे पाहिलंत की एक खडा सरकतो.

आता वाचून पाहिलं तर अर्ध्या तासाच्या मानाने मी बरंच काही पाहिलेलं दिसतंय. असो. मला भरभर बघायची सवय आहे.

ऊन आलंय. चादरी वाळत घालते.

आई


२ नोव्हेंबर

भुंग्या,

चिरंजीव वगैरे आता पुरे. काल तुझ्या लेकीचा फोन आला. तिला शाळेसाठी चित्र काढायचंय. "आजी, खांबांच्या डोक्यावर काय होतं? पानं होती की प्राणी?" तुला थाप मारणं वेगळं आणि त्या पोरीला मारणं वेगळं. "तुला नंतर सांगते गं," म्हणून फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?

मी खांब पाहिलेच नाहीत. मी गावात राहिले. म्हणजे राहून गेले. गाडी मला सोडून गेली.

आता लगेच उभा राहू नकोस. बस आणि वाच.

चहा झाला, सगळे लोकरीपाशी फोटो काढत होते. घरामागे ओढा आहे. तिथे शेजारीण एकटीच ओली घोंगडी पिळायचा प्रयत्न करत होती. ओली घोंगडी एकट्या माणसाला पिळता येत नाही. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि उलट्या दिशेने पीळ द्यायचा. हे बघून गप्प उभी राहीन अशी बाई मी आहे का? मी टोक धरलं. एक पिळली तर खाली आणखी दोन. अर्धी पिळलेली घोंगडी टाकून कुणी जातं का? ओढ्याच्या आवाजात हॉर्न ऐकूच आला नाही. पुढे आले तर अंगण रिकामं आणि रस्त्यावर धूळ.

माझी पर्स गाडीत, फोन पर्समध्ये.

खरं सांगू? पहिला विचार कुठला आला माहीत आहे? हरवले, असा नाही. "आता भुंग्या जिंकला." सहलीवाले म्हातारीलाच मागे विसरून गेले, यापुढे माझं कोण ऐकणार? तो घरं विकणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसायला लागला. खोल्यांची मापं घेताना.

तुला प्रश्न पडेल, तो गाईड डोकी मोजत होता ना? मोजली त्याने. आठच भरली. त्या घरच्या म्हातारीला बाजाराच्या गावी लेकीकडे जायचं होतं. आठवड्यातून एकदा भाड्याची जीप येते, तिथेच, त्याच झाडाखाली, साधारण त्याच सुमाराला. दारात पांढरी गाडी दिसली, दार उघडं दिसलं, म्हातारी चढली, मागे जाऊन माझ्या जागेवर बसली आणि राखाडी शाल डोक्यावरून घेऊन डुलक्या काढू लागली. माझीही शाल राखाडी. नवीन जोडपं एकमेकांकडे बघण्यात गुंग. गाईडने दारातून मोजलं, "आठ!", सुस्कारा सोडला, चला.

मी त्याच्यावर रागवू शकत नाही. लॉन्ड्रीत मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. शंभर चादरी गेल्या, शंभर आल्या, म्हणून खूश होऊ नका. ऑपरेशनची कोरी चादर जाते आणि वॉर्डातली फाटकी येते, मोजणी मात्र बरोबर. हातात घेऊन बघा. या वेळी फाटकी चादर मीच होते, किंवा कोरी. ते तू ठरव.

थोड्या वेळाने म्हातारबा मेंढ्यांना पाणी पाजून आले. त्यांच्या बायकोच्या जागेवर मी. त्यांनी मला पाहिलं, आत डोकावले, परत मला पाहिलं.

"ती कुठंय?"

"माझ्या जागेवर बसून गेली असावी," मी म्हटलं. शेजारणीने तिला चढताना पाहिलं होतं.

त्यांनी चांगला कान पुढे केला, त्यामुळे मी पुन्हा सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस घाबरेल नाहीतर ओरडेल. ते खाली बसले. मग म्हणाले, "बाई, तुमची जागा खिडकीची होती का?"

"हो."

"मग बरं झालं. जीपमध्ये तिला कधी खिडकी मिळत नाही. मधे दाबून बसवतात, मग उलटी होते."

आणि ते खरोखरच निश्चिंत झाले. चहा टाकला. म्हणाले, कित्येक आठवडे ती जाते जाते म्हणत होती, मीच म्हणायचो की मेंढ्यांचं कोण बघणार. "आता बघतोय की मीच. जमतंय." मग खडे काढले. तीन डाव झाले. दोन ते जिंकले, त्यातला एक लबाडीने. तिसऱ्याला मी मेंढ्यांकडे बघितलंच नाही.

त्या दुपारी मी इतकी शांत बसले, भुंग्या, की शेवटची अशी कधी बसले होते ते आठवत नाही. कुणी मला जप म्हणत नव्हतं. कुणी हात धरायला येत नव्हतं. म्हातारबांनी मला सरळ मेंढ्यांना दार उघडायचं काम लावलं. संध्याकाळी गाडी आली, गाईड हात जोडून, रडवेला. पर्स त्या म्हातारीने सगळ्या वाटेत मांडीवर धरून ठेवली होती, उतरताना ड्रायव्हरच्या हातात दिली. फक्त आतली बिस्किटं तेवढी संपली होती.

हे लपवलं कारण मला माझं घर हवंय. दुसरं काही नाही. तू हे पत्र त्या घरं विकणाऱ्याला वाचून दाखवलंस तरी चालेल, पण जे झालं ते असं झालं. पोरीला सांग, खांबांच्या डोक्यावर काय होतं ते आजीला माहीत नाही.

आई


१० नोव्हेंबर

भुंग्या,

तुझं उत्तर नाही. दोन नोव्हेंबरचं पत्र पोचलं असेलच. आठवडाभर मी फोनकडे पाठ करून बसत होते, म्हणजे तो वाजला तर मी वाट बघत नव्हते असं वाटावं.

काल गाईड आला होता. पिशवीभर डाळिंबं घेऊन. म्हातारी लेकीकडून परतली, तिने पाठवली. म्हातारबांचा निरोपही होता, "तिसरा डाव मोजायचा नाही." मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, एक डाळिंब त्याच्यापुढे ठेवलं. दाणे सोलता सोलता तो बोलून गेला, "काकू, तुमचे चिरंजीव फार शांत माणूस आहेत हो."

"माझा मुलगा? तुम्ही त्याला कुठे पाहिलंत?"

त्याने जीभ चावली. डाळिंबाचा दाणा घशात अडकला असं दाखवलं. पण मी हॉस्पिटलच्या पोरींकडून हरवलेल्या उशा कबूल करून घेतलेली बाई. दुसऱ्या कपापर्यंत सगळं बाहेर आलं.

आता माझीही एक थाप कबूल करते, मास्तरीणबाईंचा नंबर मी दिलाच नव्हता. तो मला पाठ नाही. काही झालं तर कुणाला कळवायचं असं विचारल्यावर तोंडातून तुझाच आला. हे तुला त्या दिवसापासून ठाऊक होतं. माझं पहिलं पत्र, ते मास्तरीणबाईंचं वाक्य वाचताना तू कसा चेहरा केला असशील! आणि खांब उंच होते म्हणाले तेव्हा तो खोकला. सूनबाईलाही सामील करून घेतलंस.

खांबांपाशी म्हातारी उतरेना. "मला बाजारात उतरायचंय, इथं माळावर कशाला उतरवता?" म्हणाली, तेव्हा गाईडला घाम फुटला आणि त्याने तुला फोन लावला. त्याला वाटलं, आता हा माणूस कोर्टाचीच भाषा करणार. मग तू विचारलंस, "तिच्या अंगावर शाल आहे का?" आहे म्हटल्यावर म्हणालास, "मग घाबरू नका. आई हरवणारी बाई नाही. हरवली असेल तर तुमची गाडी हरवलीय. ती कुणाच्या तरी घरात बसून त्यांचे कपडे कसे धुवायचे ते सांगत असेल. आधी त्या आजींना लेकीकडे पोचवा. माझी आई थांबेल."

हे मी त्याला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा तो कंटाळला.

शांत माणूस म्हणे! मग त्यानेच सांगितलं की मी गाडीत बसेपर्यंत तू दर थोड्या वेळाने फोन करत होतास. मी बसले, त्याने तुला कळवलं, तेव्हा तू म्हणालास, "मला फोन केलात हे तिला सांगू नका. नाहीतर ती परत कुठे जायची नाही. या वेळी तिला जिंकू द्या."

गाईड गेल्यावर मी स्वयंपाकघरातच बसून राहिले. सालं तशीच पडली होती. थोडं रडले, सांगायला काय हरकत आहे. लॉन्ड्रीच्या फरशीवर मी तुला एकदाही मुद्दाम जिंकू दिलं नाही. पोराला हरायची सवय हवी म्हणायचे. तू खडू फेकायचास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखून बसायचास. तू हे माझ्याकडून शिकलेला नाहीस. कुठून शिकलास कोण जाणे, पण मला फार बरं वाटलं.

आणि त्या संध्याकाळचा फोन. कुलूप उघडते न उघडते तोच वाजलेला. मी दोनदा हॅलो म्हटलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. राँग नंबरवाला माणूस दुसऱ्या हॅलोपर्यंत थांबत नाही.

आता कपाटात ठेवलेलं ते वाक्य काढते. "पुन्हा पडलीस तर मला कळवू नकोस." हे तू रागात बोललास, घाबरून बोललास. मी ते कोऱ्या चादरीसारखं जपून ठेवलं होतं, त्याची काही गरज नव्हती. माझं उत्तर असं. मी पडले तर तुलाच कळवीन. घर मात्र विकायचं नाही. ज्या दिवशी मला एकटीला चादरीची घडी घालता येणार नाही, त्या दिवशी मी स्वतः फोन करून सांगेन, आणि तेव्हा तू त्या माणसाला घेऊन आलास तर त्याला चहासुद्धा देईन. तोपर्यंत जिना आहेच.

खांब राहिलेत. गाईडने फुकट नेतो म्हटलं, मी नको म्हटलं, एकीची जागा त्याने फुकट दिली तर धंदा कसा चालायचा? मी पुढच्या महिन्यात चार जागा धरल्या आहेत. तू, सूनबाई, पोरगी आणि मी. खांबांच्या डोक्यावर पानं आहेत की प्राणी, ते पोरगी स्वतः बघेल. खिडकी तिची. तू येणार नसशील तर कळव, म्हणजे चौथी जागा म्हातारीला देते. तिला त्या गाडीची सवय आहे.

काही झालं तर कुणाला कळवायचं, असं गाईडने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, या वेळी गरज नाही, तो गाडीतच असेल.

हे पत्र पोचायला काही दिवस लागतील. तोवर राँग नंबर लावायची लहर आली तर लाव. मी हॅलो म्हणेन. तूही म्हण.

तुझी,
आई